अपेक्षाला वाचता येतं

नंदाबाई ढमाले यांनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला, ही बातमी उरवड्यापासून पिरंगुटपर्यंत एका दिवसात पोचली, आणि ज्याला त्याला अर्जाचं कारण आधीच ठाऊक होतं. शेजारच्या सारजाबाई म्हणाल्या, रस्त्याकडेला खोल्या बांधल्यात, कंपनीतली पोरं भाड्यानं राहतात, आता कशाला रोज डोंगर चढायचा. केंद्रातल्या शिक्षिकांना वाटलं, गुडघे. नंदाबाईंच्या यजमानांना वाटलं, त्या मोबाइलनं हिचं डोकं फिरवलंय, आणि ते काही अगदीच चुकीचं नव्हतं. केंद्रप्रमुख बापूसाहेबांनी अर्ज दोनदा वाचला, 'कौटुंबिक कारणास्तव' या शब्दांवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे कुणाला सांगताय बाई? आठ दिवस राहू द्या माझ्याकडं. पुढं पाठवत नाही." खरं कारण अर्जात मावणारं नव्हतं. ते नऊ वर्षांचं होतं, तिसरीत होतं, आणि मेंढरांच्या पुढं चालत नेऱ्याच्या बाजूला निघून गेलं होतं.

बाई मूळच्या उरवड्याच्याच. माहेर वरच्या आळीला, सासर खालच्या आळीला, त्यामुळं लग्न होऊनही गाव सुटलं नाही. बावीस वर्षांत तीन शाळा झाल्या, तिन्ही मुळशीतल्या, तिन्ही अशा ठिकाणी की जिथं कुणी बदली मागून जात नाही. शेवटची ही आखाडेवस्ती. खिंडीपर्यंत स्कूटर जाते, पुढं वीस मिनिटं पायी. धनगरांची पंधरा-सोळा घरं, दोन खोल्यांची शाळा, पहिली ते चौथी मिळून एकोणीस मुलं आणि दोन शिक्षक. बाईंना एका गोष्टीचा गर्व होता आणि तो त्या लपवत नसत. आपल्या हाताखालून चौथी होऊन गेलेलं एकही पोर वाचता येत नाही असं निघालेलं नाही. कुणी लवकर शिकलं, कुणी रडत शिकलं, एकाला तर त्यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत स्वतःच्या घरी आणून ठेवलं होतं, पण शिकली सगळी. बाकी बाबतींत बाई बेताच्याच. गाणं बेसूर म्हणत, फळ्यावर गाय काढली तर ती गाय आहे हे सांगावं लागे, आणि चिडल्या की प्रमाणभाषा पार सोडून उरवड्याच्या बोलीवर येत.

अपेक्षा ही म्हसू आखाडेची मुलगी. म्हसूची ऐंशीएक मेंढरं आणि थोड्या शेळ्या. पावसाळा वस्तीवर काढायचा आणि तुळशीचं लग्न लागलं की खाली उतरायचं, घोटवडे, नेरे, मारुंजीकडं, जिथं अजून शेतं आहेत तिथं मेंढरं बसवायची. पूर्वी शेतकरी बोलावून न्यायचे, रानात खत पडतं म्हणून. आता शेतांच्या जागी प्लॉट आलेत, प्लॉटला तारा आल्यात आणि तारांना बोर्ड. या बोर्डांपायीच म्हसूच्या मनात शाळा शिरली. अडीच-तीन वर्षांपूर्वी नेऱ्याजवळ एका मोकळ्या रानात त्यानं मेंढरं घातली. रानावर औषध मारलेलं होतं. संध्याकाळपर्यंत अकरा मेंढरं आडवी झाली. म्हसू रानाच्या मालकाकडं गेला, तर मालक म्हणाला, "अरे, एवढा मोठा बोर्ड लावलाय, दिसत नाही का?" म्हसूला बोर्ड दिसला होता. त्यावर काय लिहिलंय तेवढं त्याला कळलं नव्हतं, त्याच्या बायकोला, तुकाबाईला, कळलं नव्हतं, आणि सोबतीला असलेल्या भावाला, भिकूलाही नाही.

त्या वर्षी खालून परत आल्यावर तो पोरीला हाताला धरून शाळेत आला. अपेक्षाचं नाव नुकतंच पहिलीच्या पटावर आलं होतं, पण ती आठवड्यातून दोनदा दिसली तर दिसली.

"बाई, हिला वाचाया शिकवा," तो म्हणाला. "वाचाया येऊस्तर मी हिला शाळंतनं उटवायचो न्हाई. आमी खाली गेलो तरी ही हितं चुलतीपाशी ऱ्हाईल. ह्यो माजा शबुद."

"आणि वाचायला आल्यावर?" बाईंनी विचारलं.

"मंग बघू की."

बाईंनी त्या 'बघू की'कडं लक्ष दिलं नाही. एकदा पोरगी वाचायला लागली की आपण बापाला पुढंही पटवू, असं त्यांना वाटलं. बाईंचा स्वतःवर भारी विश्वास होता तेव्हा.

अपेक्षा बोलायला चुणचुणीत, पाठांतराला तर अशी की एकदा ऐकलेलं परत ऐकवावं लागत नसे. ऐंशीच्या ऐंशी मेंढरं ती तोंडावरून ओळखायची आणि प्रत्येकीला नाव होतं. पण अक्षरं तिच्या डोळ्यांसमोर स्थिर उभी राहत नसत. आज ओळखलेला 'म' उद्या तिला परका. पहिलं वर्ष असंच गेलं. दुसऱ्या वर्षी बाईंना युक्ती सुचली. त्यांनी पुस्तक बाजूला ठेवलं आणि मेंढरांची नावं चिठ्ठ्यांवर लिहिली. काळी, मोरी, बांडी, ढवळी. एका चिठ्ठीला एक मेंढी. अपेक्षाला हे भारी आवडलं. मोरीच्या 'म'ला आता चेहरा आला, तो दुसऱ्या दिवशीही आठवू लागला. रोज सकाळी अर्धा तास, दोघीच, शाळेच्या पायरीवर. या वर्षी शाळा सुरू झाली तेव्हा ती पंधरा-सोळा चिठ्ठ्या न चुकता उचलायची. "दिवाळीपर्यंत ही पोरगी धडा वाचते," बाईंनी घरी सांगून टाकलं.

त्यांना फक्त तो अर्धा तास हवा होता, आणि तोच कुणी मिळू देईना.

आधी नरहरी सर गेले. नरहरी सर म्हणजे शाळेतले दुसरे शिक्षक, तरुण, कॉम्प्युटरमधले चांगले. चांगले होते हाच त्यांचा गुन्हा. वरच्या ऑफिसात माहिती भरायला माणूस कमी पडला म्हणून त्यांना पंधरा दिवसांसाठी नेलं आणि ते पंधरा दिवस संपलेच नाहीत. चारही वर्ग बाईंच्या गळ्यात. मग मतदारयाद्यांचं काम आलं, घरोघर फिरायचं. मग पाच दिवसांचं प्रशिक्षण, विषय होता मुलांना वेळ कसा द्यावा. मग परसबागेचे फोटो, हात धुण्याचे फोटो, खिचडी वाढताना एक आणि मुलं खाताना एक. सरकारला फोटोची फार हौस. सकाळी मुलं प्रार्थनेला उभी राहीपर्यंत ग्रुपवर तीन संदेश पडलेले असत आणि तिन्हींखाली 'आजच्या आज' असं लिहिलेलं असे. शाळेत नेटवर्क येत नाही, ते येतं खिंडीत. त्यामुळं आजच्या आज काही पाठवायचं तर बाईंनी चौथीतल्या दिशाला वर्गाकडं बघायला सांगायचं आणि वीस मिनिटं चालत खिंडीत जायचं, तिथं हात वर करून उभं राहायचं, आणि वीस मिनिटं चालत परत यायचं. पायरीवर चिठ्ठ्यांचा डबा घेऊन बसलेली अपेक्षा त्यांना जाताना दिसे आणि येतानाही दिसे. "आज नाही गं, उद्या," असं बाई म्हणत. हे त्या किती वेळा म्हणाल्या ते त्यांनाच माहीत.

नवरात्राच्या आधी वाचनाची माहिती मागवली. प्रत्येक मुलाचं नाव आणि पुढं त्याचा स्तर. अक्षर वाचतो, शब्द वाचतो, का परिच्छेद वाचतो. लिंक पाच वाजता बंद. बाई साडेतीनला खिंडीत गेल्या, दगडावर बसल्या आणि एकेक मूल भरू लागल्या. अठरा मुलं खरी भरली, त्यात काही 'शब्द'वाली, बरीचशी 'परिच्छेद'वाली. एकोणिसावं नाव अपेक्षा म्हसू आखाडे. बाईंनी 'अक्षर' निवडलं. तिसरी-चौथीतलं मूल 'परिच्छेद'च्या खाली दाखवलं की लगेच दुसरं पान उघडायला लागे. मूल मागं का राहिलं त्याचं कारण, केलेल्या उपायांचा आराखडा, पालकसभेचा फोटो, पालकाची सही. ते पान अर्धं उघडायचं आणि अडकायचं. बाईंनी फोन बंद करून चालू केला. खिंडीच्या वरच्या अंगाला चढून पाहिलं. पावणेपाच झाले. पान उघडेना, आणि ते भरल्याशिवाय बाकीच्या अठरा मुलांची माहितीही पुढं जाईना. तेवढ्यात बापूसाहेबांचा फोन आला. "बाई, केंद्रात तुमची एकच शाळा राहिलीय. वरून मला दोनदा विचारलं. करा काहीतरी."

बाईंनी केलं काहीतरी. मागं जाऊन 'अक्षर' काढलं आणि 'परिच्छेद' निवडलं. दुसरं पान आलंच नाही, माहिती सुळकन पुढं गेली आणि पडद्यावर धन्यवाद आलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मुलाबद्दल खोटं लिहिलं. पण खिंड उतरता उतरता त्यांनी स्वतःला समजावलं, महिन्याभरात ही पोरगी परिच्छेद वाचेलच, म्हणजे आज लिहिलेलं तेव्हा खरं होईल. तारीख तेवढी मागंपुढं.

महिना तसाच गेला. तो कुठं गेला हे पुन्हा सांगत बसत नाही, वर सांगितलंय त्याच कामांत गेला, फक्त त्यात एका सर्वेक्षणाची भर पडली. चिठ्ठ्यांचा डबा चार वेळा उघडला असेल.

आणि मग बापूसाहेब एका साहेबांना घेऊन वस्तीवर आले. माहितीत आखाडेवस्तीची शाळा चमकली होती. तिसरी-चौथीची सगळी मुलं परिच्छेद वाचतात, तेही डोंगरावर, तेही मेंढपाळांची. साहेबांना व्हिडिओ करायचा होता. माणूस वाईट नव्हता, मुलांना बिस्किटं घेऊन आला होता. "एखाद्या मुलीला वाचायला लावू," ते म्हणाले. बाईंनी चटकन दिशाला पुढं केलं. दिशा घडाघडा वाचणारी. पण साहेबांची नजर पहिल्या रांगेत बसलेल्या अपेक्षावर गेली. मोठे डोळे, तेल लावून घट्ट घातलेल्या वेण्या.

"ही याच वस्तीवरची ना? हिच्या घरी मेंढरं आहेत ना? मग हीच घ्या. छान दिसेल."

"साहेब, ती जरा बुजते," बाई म्हणाल्या.

"मी न्हाई बुजत," अपेक्षा म्हणाली आणि उभी राहिली.

तिनं पुस्तक उघडलं. नदीकाठच्या गावाचा धडा काढला. हा धडा वर्गात चार-पाच जणांनी मोठ्यानं वाचलेला, म्हणजे अपेक्षाला तो पूर्ण पाठ होता. तिनं ओळीखाली बोट ठेवलं, बाईंनी शिकवलं होतं तसं, आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली. एक शब्द चुकला नाही. स्वल्पविरामाला थांबली सुद्धा. फक्त तिचं बोट आवाजापेक्षा भराभर धावत होतं. पान संपून बोट खाली पुस्तकाच्या कडेला टेकलं तेव्हा धड्याच्या तीन ओळी अजून शिल्लक होत्या, आणि त्या तिनं तशाच, कडेला बोट टेकवून, म्हणून दाखवल्या. साहेबांनी मोबाइलच्या पडद्यावर चेहरा धरला होता, बोट नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बापूसाहेबांनी वाजवल्या नाहीत. ते जुने मास्तर, त्यांनी बोट पाहिलं होतं. त्यांनी एकदा बाईंकडं बघितलं आणि मग खिडकीबाहेर बघत राहिले.

साहेब गेल्यावर अपेक्षा बाईंपाशी आली. "बाई, बराबर वाचलं न्हवं?"

या एका प्रश्नापाशी सगळं थांबवता आलं असतं. बाईंना ते तेव्हाही कळत होतं. पण पोरीचं तोंड असं फुललं होतं की त्यांच्याच्यानं मोडवेना. "हो, बरोबर वाचलंस," त्या म्हणाल्या.

व्हिडिओ ग्रुपाग्रुपांवरून फिरला. बाईंना अभिनंदनाचं पत्र आलं, ते त्यांनी कपाटात कागदांच्या खाली सारलं. दिवाळीच्या सुट्टीत भिकूनं कंपनीतल्या कुणाच्या तरी फोनवर तो व्हिडिओ बघितला आणि वस्तीवर आणला. भिकू म्हणजे म्हसूचा तोच धाकटा भाऊ, जो दर वर्षी मेंढरांच्या पुढं चालायचा. तो आता उरवड्याच्या एका कारखान्यात लागला होता आणि या वर्षी मेंढरांबरोबर जाणार नव्हता. म्हसूला पुढं चालायला माणूस हवा होता. गाड्या थांबवायला, वाट बघायला आणि आता बोर्ड वाचायला.

शाळा उघडली त्या दिवशी अपेक्षा आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. संध्याकाळी बाई म्हसूच्या घरी गेल्या. दारात घोड्यावर लादायचं सामान बांधून ठेवलेलं. तुकाबाई त्यांना बघून हसत पुढं आली आणि आधी घोंगडं टाकलं.

"बसा बाई. तुमी आमच्या पोरीचं सोनं केलं बघा," ती म्हणाली. "आक्खी वस्ती बघून गेली त्या मोबाईलात. ह्यांनी तर पाच येळा बघितलं."

"अपेक्षा शाळेत आली नाही," बाई म्हणाल्या.

"आता कशाला?" म्हसू आतून येत म्हणाला. त्याच्या आवाजात वाद नव्हता, आनंदच होता. "माजा शबुद मी पाळला न्हवं? वाचाया येऊस्तर उटवली न्हाई. आता येतंय. उद्या पहाटं निघतोय. भिकू न्हाई, मंग ही म्होरं चालंल आन् बोर्ड वाचंल. आता मेंढरं मरायची न्हाईत आमची."

बाई खरं सांगायलाच आल्या होत्या. वाटेत वाक्यसुद्धा जुळवलं होतं. पण समोर तुकाबाई चहात जास्तीची साखर घालत होती, अपेक्षा आईच्या पाठीला टेकून बाईंकडं एकटक बघत होती, आणि चार शेजारी दारात उभे होते. एवढ्या माणसांत पोरीला आणि स्वतःला उघडं पाडायचं बाईंना जमलं नाही.

"म्हसूभाऊ, ती अजून कच्ची आहे," एवढंच त्या म्हणाल्या. "आणखी थोडे दिवस राहू दे."

म्हसू मोठ्यानं हसला. "तुमाला सगळी कच्चीच दिसत्यात बाई. मास्तर लोकांचं आसंच. म्या माज्या डोळ्यानं बघितलंय."

शेजारीही हसले. बाईंनी चहा घेतला. घरी आल्यावर यजमानांनी विचारलं, काय झालं, तर म्हणाल्या, काही नाही. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. बोर्ड आणि मेंढरं, बोर्ड आणि मेंढरं. अकराची ऐंशी व्हायला किती वेळ लागतो.

पहाटे स्कूटर काढून त्या घोटवड्याच्या रस्त्याला लागल्या. शाळेची वेळ व्हायच्या आत गाठायचं, म्हसूला एकट्याला बाजूला घ्यायचं आणि सरळ सांगायचं, असं ठरवून निघाल्या होत्या. आठच्या सुमाराला मेंढरं दिसली. हिंजवडीकडं जाणाऱ्या गाड्या हॉर्न वाजवत खोळंबल्या होत्या. मागं म्हसू, मध्ये घोडा धरून तुकाबाई, आणि सगळ्यांच्या पुढं, हातात काठी घेऊन अपेक्षा. डाव्या अंगाला तारेचं कुंपण घातलेलं मोठं रान होतं. एका ठिकाणी तार तुटलेली. आत गुडघाभर हिरवं गवत. आणि तुटलेल्या तारेच्या शेजारीच पत्र्याचा पांढरा बोर्ड, त्यावर लाल अक्षरं.

म्हसूनं मागून हाळी दिली, "आपे, काय लिवलंय गं?"

अपेक्षा बोर्डासमोर उभी राहिली. मान वर केली. शाळेत करायची तसं बोट उचललं आणि डावीकडून उजवीकडं नेलं. मग खणखणीत आवाजात, धडा वाचायची त्याच सुरात म्हणाली, "प्लॉट विकणे आहे. चौकशीसाठी भेटा."

प्रत्येक रस्त्याला असले बोर्ड. लोकांच्या तोंडून ते तिनं शंभरदा ऐकले असणार.

"मंग सोड आत," म्हसू म्हणाला. "घटकाभर चरू दे."

बाईंनी स्कूटर तशीच रस्त्यात सोडली. बोर्ड त्यांनी लांबूनच वाचला होता. तणनाशक फवारले आहे, जनावरे आत सोडू नयेत. "थांबवा," असं ओरडत त्या धावल्या, ते गुडघेही विसरल्या. दोन शेळ्या तारेतून आत गेल्या होत्या. बाईंनी आत शिरून एकीचा कान धरला, म्हसूनं दुसरीला पायाला धरून ओढली. गवताला तोंड लागलं नव्हतं, नशीब. तुकाबाई घोडा सोडून बाकीची मेंढरं अडवत राहिली. गाडीवाले खिडकीतून काहीबाही बोलून निघून गेले.

म्हसू दम खात उभा राहिला. "बाई, काय लिवलंय त्यावर?"

बाईंनी वाचून दाखवलं.

"पुन्यांदा वाचा."

त्यांनी पुन्हा वाचलं. म्हसूनं पोरीकडं बघितलं. अपेक्षा काठीनं माती उकरत होती.

"मंग त्यो व्हिडिओ?"

"तिला तो धडा पाठ होता," बाई म्हणाल्या. "तिला वाचता येत नाही, म्हसूभाऊ. मला माहीत होतं. वर जी माहिती द्यायची असते, त्यात येतं म्हणून मीच लिहिलं. तिची काही चूक नाही."

"बाईंनीच सांगितलं व्हतं, बराबर वाचलंस म्हनून," अपेक्षा मातीकडं बघतच म्हणाली.

म्हसू रागावेल, चार शब्द बोलेल, असं बाईंना वाटलं होतं. बोलला असता तर बरं झालं असतं. तो रस्त्याकडेच्या दगडावर बसला, डोक्याचं मुंडासं काढलं आणि परत बांधलं.

"तुमाला दोस देत न्हाई मी," तो म्हणाला. "तुमी रोज डोंगर चढून येता, आमाला दिसतंय. पर तुमीच इचार करा. हिला वाचाया येत आसतं, तरी मी हिला न्हेलीच आसती, बोर्डासाठी. आन् दोन सालं घालून येत न्हाई, तर मंग तितं ठिवून तरी काय करू? हितं मेंढरं तरी राकंल."

"दोन महिने द्या मला," बाई म्हणाल्या. "फक्त दोन. रोज अर्धा तास मी हिला घेऊन बसते. मोरीची चिठ्ठी ओळखते ती, बांडीची ओळखते. येईल तिला. मला ठाऊक आहे येईल."

तुकाबाईनं आशेनं नवऱ्याकडं बघितलं. अपेक्षानंही मान वर केली. म्हसूला मस्करी करायची नव्हती, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"पोरगी घरी सांगती," तो म्हणाला. "आज बाई खिंडीत व्हत्या, आज बाई तालुक्याला व्हत्या, आज बाई म्हनल्या उद्या. मी देतो तुमाला दोन म्हैनं. पर तुमाला देत्यात का कुणी?"

बाईंना हो म्हणायचं होतं. पण या माणसाशी आणखी एकदा खोटं बोलणं त्यांच्यानं झालं नाही.

म्हसू उठला, पोरीला म्हणाला, "चल म्होरं." बाई रस्त्याच्या कडेला सरकल्या आणि मेंढरांना वाट करून दिली.